कापून चिकटवलेली अक्षरं

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पुण्याहून शिरवळला आला. तो चित्रकला शिकतो. अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर पांढऱ्या रंगात वेडीवाकडी अक्षरं. एक लहान, एक मोठं, एक तिरकं. जणू पाच-सहा वर्तमानपत्रांतून कात्रीनं कापून घाईघाईत चिकटवलेली. माझ्या बहिणीला तो शर्ट अजिबात पसंत नव्हता. ‘पैसे देऊन असलं घेतलंस?’ असं ती दोनदा म्हणाली. ‘घेतलं नाही, मीच केलंय,’ असं तो तिला दोनदा म्हणाला. आमचं घरातलं बोलणं दखनीत चालतं, इथं मराठीत सांगतो आहे.

मी विचारलं, हे आहे तरी काय? तो म्हणाला, ‘मामू, हे पंक आहे.’ पंक म्हणजे काय? ‘गाणं आहे. पण नुसतं गाणं नाही.’ मग त्यानं मोबाइलवर एक गाणं लावलं. दोन-अडीच मिनिटांचं. एक माणूस कुणावर तरी जाम चिडला आहे आणि मागे तिघं जण त्याच्यापेक्षा जास्त चिडले आहेत, एवढंच मला कळलं. मी म्हणालो, आपल्या उरुसातले बँडवाले यापेक्षा बरं वाजवतात. भाचा हसला. म्हणाला, ‘त्यांना नीट वाजवता येत नव्हतं, मामू. येत नाही म्हणून थांबायचं नाही, हेच तर त्यांचं म्हणणं.’

हे वाक्य ऐकल्यावर मी उठलो आणि माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. तिच्यात तळाशी १९९१ सालचं एक चोपडं होतं. पिवळं पडलेलं, टाचणी गंजलेली, आणि मुखपृष्ठावर कात्रीनं कापून चिकटवलेली अक्षरं. एक लहान, एक मोठं, एक तिरकं. भाच्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, ‘हे कुठून आणलंत?’ मी म्हणालो, ‘कुठून आणायचं? इथंच केलं. शिरवळात.’

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. संगीताचा किंवा चित्रकलेचा अभ्यासक नाही. पण लंडनची पोरं आणि नीरेच्या काठची आम्ही पोरं, एकमेकांना न बघता, एकसारखी अक्षरं कशी कापत बसलो, हा प्रश्न मला गप्प बसू देईना. भाच्याकडून काही समजून घेतलं, काही वाचलं, काही आठवलं. त्याचा हा हिशेब.

पंक संगीताची सुरुवात न्यूयॉर्कमधल्या लहान जागांत झाली आणि १९७६ मध्ये ते लंडनमध्ये पेटलं. त्या काळी ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. रेडिओवर जे रॉक संगीत लागायचं ते महागड्या वाद्यांचं, लांबलचक, उस्तादी दाखवणारं होतं. गरीब वस्तीतल्या पोराला ते ऐकता येई, पण आपण ते करू शकू असं कधी वाटत नसे. पंकनं हा दरवाजा लाथ मारून उघडला. तीन सूर येतात ना, मग उभा राहा आणि गा, असा तो मामला होता. ‘सेक्स पिस्टल्स’, ‘द क्लॅश’, ‘बझकॉक्स’ ही त्यातली गाजलेली नावं.

आता यात चित्रकार कुठून आले? एक तर यातली बरीच मंडळी कला महाविद्यालयांतूनच आली होती. ‘क्लॅश’चे जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन हे तिघंही थोडाफार काळ चित्रकलेच्या शाळेत जाऊन आलेले. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक जसा कॅनव्हासवर रंग शिंपडायचा, तसा यांनी स्वतःच्या कपड्यांवर शिंपडला आणि तेच घालून मंचावर गेले. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ज्या गाण्याला कुणी छापत नाही, वाजवत नाही, त्या गाण्याला स्वतःची जाहिरात, स्वतःचं वेष्टन, स्वतःचं मासिक स्वतःच करावं लागतं. आणि ते करणारा हात चित्रकाराचा लागतो.

जेमी रीड हा असाच एक चित्रकार. २०२३ मध्ये तो वारला. पंकच्या आधी, १९७० च्या सुमारास, तो लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये मित्रांबरोबर एक छोटा छापखाना चालवायचा. अक्षरं जुळवून घ्यायला पैसे नसत, म्हणून वर्तमानपत्रांतले मथळे कापून तो शब्द तयार करी. अडचणीतून आलेली ही रीत त्यानं पुढे ‘सेक्स पिस्टल्स’साठी वापरली. १९७७ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली. देशभर उत्सव चालला होता. त्याच वेळी या बँडनं राष्ट्रगीताचंच नाव घेऊन एक जळजळीत गाणं काढलं. त्याच्या वेष्टनावर रीडनं राणीच्या छायाचित्रात तिच्या डोळ्यांवर आणि तोंडावर अशी कापलेली अक्षरं चिकटवली. बीबीसीनं गाणं वाजवायला बंदी घातली, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. माझ्या भाच्याच्या शर्टावरची अक्षरं या रीडच्या अक्षरांची नातवंडं.

मार्क पेरी नावाचा एक बँक कारकून होता. त्यानं १९७६ च्या उन्हाळ्यात पंकवर एक मासिक काढलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड स्केचपेननं, आणि छपाई म्हणजे झेरॉक्स. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नास. वर्षभरात त्या हजारांवर गेल्या. मग त्याला वाटलं की आता पुरे, आणि १९७७ मध्ये त्यानं ते बंद केलं. बझकॉक्सनं १९७७ च्या जानेवारीत घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली. हजार प्रती. त्याच वर्षी या बँडच्या एका वेष्टनासाठी लिंडर स्टर्लिंग या चित्रकार मुलीनं मासिकांतले तुकडे जोडून चित्र केलं. त्यात बाईच्या धडावर डोक्याच्या जागी कपड्यांची इस्त्री आहे. बाईकडे समाज कसा बघतो, हे सांगायला तिला एक कात्री आणि दोन मासिकं पुरली.

तिकडे अमेरिकेत रेमंड पेटिबॉन ‘ब्लॅक फ्लॅग’ या भावाच्या बँडसाठी हातानं चित्रं काढून पत्रकं छापायचा. न्यूयॉर्कमध्ये जाँ-मिशेल बास्किया हा काळा पोरगा भिंतींवर लिहायचा आणि १९७९ मध्ये त्यानं मित्रांबरोबर एक बँडही काढला होता. दोघंही पुढे मोठ्या संग्रहालयांत गेले.

इथवर वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं आहे. फक्त आपल्याकडे ते आधी घडलं.

पंकच्या वीस-बावीस वर्षं आधी, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ नावाचं नियतकालिक काढलं. सायक्लोस्टाइल केलेलं. मग १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं. त्याच वर्षी शहाण्यांनी ‘मनोहर’मध्ये आजकालच्या मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा लेख लिहिला आणि भल्याभल्यांची हाडं त्यात दिसली. औरंगाबादहून ‘वाचा’ निघालं, मुंबईत ‘फक्त’, ‘येरू’ आणि आणखी कितीतरी. यांना लघु-अनियतकालिकं म्हणत. अनियत म्हणजे पैसे जमले की निघणार, नाही जमले तर नाही. कुणाचा आकार लांबोडका, कुणाचा खिशात मावणारा, कागद हाती लागेल तो.

‘येरू’ काढणारे राजा ढाले आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे. लहानपणी आईवडील गेले, मुंबईत वाढले. त्यांनी ‘सत्यकथे’ची चिरफाड करणारा लेख लिहिला आणि १९६९ मध्ये तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक मौजेच्या दारात जाळला. अंक जाळणं मला कधीच आवडलं नाही. छापलेला कागद जळताना बघवत नाही, आणि ‘सत्यकथे’नं मराठीला जे दिलं ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारात उभं राहून वर्षानुवर्षं आत न घेतलेल्या माणसाचा राग काय असतो, ते मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ उभी राहिली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. ती भाषा कानावर पडल्यावर मराठी वाचक जसा दचकला, तसाच पाच वर्षांनी इंग्रज दचकला असणार.

आणि या सगळ्यांत एक माणूस असा होता, ज्याच्या एका हातात शब्द, दुसऱ्या हातात चित्र आणि कानात संगीत. अरुण कोलटकर. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात. जाहिरातींच्या जगात कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी मोठं नाव मिळवलं. पण त्याच माणसानं अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला, अमेरिकन काळ्यांचं ‘ब्लूज’ संगीत मनापासून ऐकलं, तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले आणि स्वतः इंग्रजीत गाणीही लिहिली. १९७६ मध्ये, म्हणजे नेमकं लंडनमध्ये पंक पेटलं त्या वर्षी, कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची प्रकाशन संस्था काढली. आपली पुस्तकं आपणच छापायची. ‘जेजुरी’ त्यातूनच आली. मुखपृष्ठं कोलटकरांची. पुढच्या वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, तरी कोलटकर कुठल्या मोठ्या प्रकाशकाच्या दारात गेले नाहीत. मराठी कविता शहाण्यांच्या ‘प्रास’कडेच राहिल्या. शिरवळहून नीरा ओलांडली की जेजुरी काही फार लांब नाही. आम्ही खंडोबाला जाणाऱ्या बैलगाड्या बघत मोठे झालो आणि ते पुस्तक मात्र वयाच्या पंचविशीत, उसनं आणून वाचलं.

बडोद्यातही असंच काहीसं चाललं होतं. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर या दोन चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ नावाचं छोटं मासिक चालवलं. त्यात लेख, कविता, आणि चित्रकारांनी थेट छपाईसाठी केलेली चित्रं. शेख स्वतः गुजरातीतले महत्त्वाचे कवी. शेख आडनावाचा एक माणूस गुजरातीत कविता लिहितो आणि चित्रं काढतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटा नाही असं वाटलं होतं.

संगीतानं चित्रकाराच्या हाताला काम द्यावं, ही रीतसुद्धा आपल्याकडे जुनी. १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ स्थापन झाली. तिचं नगारा वाजवणाऱ्या माणसाचं चिन्ह चित्तप्रसाद या बंगाली चित्रकारानं केलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचं त्यांचं पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं होतं. पुढे ते मुंबईतच राहिले आणि लिनोलियमवर खोदून, ठसे उमटवून स्वस्तात छापता येतील अशी चित्रं करत राहिले. याच वातावरणात १९४४ मध्ये वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि गवाणकर यांचं ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा आवाज मी प्रत्यक्ष ऐकला नाही, ते १९६९ मध्ये अपघातात गेले. पण अब्बांनी ऐकला होता. ‘लाउडस्पीकर बंद पडला तरी त्यांचं अडत नसे,’ असं ते सांगत. शाहिराला परवानगी लागत नाही, डफ लागतो. पंकवाल्यांचं म्हणणं यापेक्षा काय वेगळं आहे?

आता त्या चोपड्याकडे येतो.

१९९० मध्ये मी बी.ए. झालो. कविता कॉलेजपासून लिहीत होतो. त्या काळात एका मासिकाकडे सहा कविता पाठवल्या. परत आल्या. त्याचं दुःख नव्हतं, सगळ्यांच्याच येत. सोबत मात्र संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी होती. आपली मराठी चांगली आहे, तथापि आपण उर्दूत लिहिण्याचा विचार करावा, तिथे आपल्याला अधिक मोकळेपणा वाटेल. मला उर्दू लिपी धड वाचता येत नाही. शाळा मराठी, पाढे मराठी, भांडण मराठी, पहिलं प्रेमपत्र मराठी. त्या गृहस्थांनी वाईट हेतूनं लिहिलं नसेल. पण माझ्या स्वतःच्या घरात मला कुणी पाहुण्यासारखं ‘बसा ना’ म्हणावं, तसं ते वाटलं.

ती चिठ्ठी मी माझ्या पेंटर मित्राला दाखवली. तो एस.टी. स्टँडजवळ एका पत्र्याच्या खोलीत पाट्या रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची नावं, निवडणुकीत भिंती, गणपतीत कमानी. सातवीनंतर शाळा सुटलेली, पण अक्षर असं की हातानं काढलंय यावर विश्वास बसू नये. त्यानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, ‘मग आपणच काढू की.’ जमलो चौघं. तिसरा एका कचेरीत कारकून होता. तिथं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि संध्याकाळी सहानंतर ते रिकामं असायचं. चौथ्याची रसवंती होती. कागदाचे पैसे त्यानं दिले.

आजच्या पोरांना सायक्लोस्टाइल सांगावं लागतं. मेणाचा लेप दिलेला एक पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाइपरायटरची फीत काढून त्यावर टाइप करायचं, म्हणजे खिळ्याच्या आघातानं मेण निघे आणि अक्षरापुरती जागा झिरझिरीत होई. मग तो कागद शाईच्या पिंपावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. चित्र काढायचं तर लोखंडी टोकाच्या लेखणीनं. रेघ जरा जोरात ओढली की कागद फाटे. मोठा काळा भाग भरताच येत नसे, भरला की तिथलं सगळं मेण जाऊन नुसता डाग पडे. म्हणून माझ्या मित्रानं पाट्यांवरची जाडजूड अक्षरं सोडून दिली आणि ठिपक्याठिपक्यांनी, बारीक तुटक रेघांनी चित्रं काढू लागला. आमच्या अंकातली माणसं सगळी पावसात उभी असल्यासारखी दिसत. लोक म्हणाले, काय वेगळी शैली आहे! शैली कसली, कागद फाटू नये म्हणून केलेली ती तडजोड होती. जेमी रीडची अक्षरं पैसे नव्हते म्हणून आली, हे वाचल्यावर मला हेच आठवलं.

मुखपृष्ठासाठी मोठी अक्षरं हवी होती. ब्लॉक करायला पुण्याला जावं लागे आणि खर्च परवडणारा नव्हता. मग जुन्या वर्तमानपत्रांतले मथळे कापले, नाव जुळवलं, आणि मुखपृष्ठापुरते झेरॉक्स काढले. प्रती ऐंशी. किंमत दोन रुपये. निम्म्या फुकट गेल्या. दुसरा अंक पाच महिन्यांनी निघाला.

तिसरा अंक निघायचा होता तेव्हा १९९२ चा डिसेंबर उजाडला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. शिरवळात काही झालं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, पण पूर्ण खरं सांगायचं तर काही न होण्याचीही एक भीती असते. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते पाच दिवस बंद ठेवलं. कुणी बंद करा म्हणालं नव्हतं. अब्बा घरात बसून रेडिओ ऐकत आणि मध्येच उठून दाराची कडी बघत. सहाव्या दिवशी आम्ही कारकून मित्राकडे स्टेन्सिल घेऊन गेलो. तो मान खाली घालून म्हणाला, ‘साहेब नको म्हणालेत. अंकात तुझं नाव आहे ना.’ त्याची नोकरी होती, पोरंबाळं होती. मी त्याला काही बोललो नाही. पण त्या संध्याकाळी मला वाटलं, आता पुरे. त्या संपादकांचंच बरोबर होतं.

पेंटर मित्र मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला आणि अम्मीला म्हणाला, ‘चाची, घरात एखादी एक्स-रेची फिल्म आहे का?’ अब्बांच्या छातीचा एक जुना एक्स-रे होता. पाट्या रंगवणारे लोक एकसारखी अक्षरं पुन्हा पुन्हा उमटवायची असली की एक्स-रेच्या फिल्ममध्ये ती कापून घेतात. फिल्म चिवट असते, रंगानं भिजत नाही, शंभरदा वापरता येते. त्यानं ब्लेडनं त्या फिल्ममध्ये एक दुकान कापलं. शटर खाली ओढलेलं, कुलूप लावलेलं, आणि शेजारी भिंतीला टेकवलेली एक सायकल. खाली अंकाचं नाव आणि ‘जानेवारी १९९३’. मग स्पंजच्या तुकड्यानं काळा ऑइलपेंट थापत आम्ही साठ मुखपृष्ठं उमटवली. आतला मजकूर चौघांनी, कारकून मित्रानंसुद्धा, रात्री जागून कार्बन कागदावर हातानं उतरवला. माझी कविता पहिल्या पानावर होती. नावासकट.

स्टँडवर आम्ही तो अंक वाटला. चहावाल्या काकांनी एक प्रत घेतली, मुखपृष्ठ फाडलं आणि खळीनं गल्ल्यामागच्या भिंतीला चिकटवलं. देवाच्या तसबिरीच्या खाली, दरपत्रकाच्या बाजूला. अब्बांनी ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. चहा प्यायले, काही बोलले नाहीत, आणि तिथून थेट जाऊन त्यांनी दुकानाचं शटर वर केलं. पुढे महामार्ग रुंद झाला, त्यात ती टपरी गेली. तोवर ते मुखपृष्ठ तिथंच होतं.

तो आमचा शेवटचा अंक. बंद का पडला याला फार मोठं कारण नाही. एकाचं लग्न झालं, एकाची बदली झाली, मला एका खासगी कंपनीत नोकरी लागली.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात परदेशी संगीतावर बंदी होती. तेव्हा लेनिनग्राडमधली पोरं दवाखान्यांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म मिळवत, त्या गोल कापत आणि त्यावर जॅझची गाणी चोरून कोरत. लोक त्याला हाडांवरचं संगीत म्हणत. मी बराच वेळ गप्प बसलो. आमचं दुकान अब्बांच्या फासळ्यांवर कापलेलं होतं.

आता थोडं कडू बोललं पाहिजे. स्वतःच करायचं, कुणाला विचारायचं नाही, हा बाणा चांगलाच. पण नुसता बाणा पुरत नाही. पंकमधल्या काही पोरांनी केवळ डिवचायचं म्हणून नाझींचं चिन्ह अंगावर मिरवलं. ज्यांचे नातेवाईक छळछावण्यांत मेले, त्यांना ते बघून काय वाटत असेल? त्याच काळात इंग्लंडमध्ये काळ्यांवर आणि आशियाई लोकांवर हल्ले होत होते. त्याविरुद्ध १९७६ मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ती सुरू करणाऱ्यांत रेड सॉन्डर्स हा छायाचित्रकार होता. चित्रकार, छायाचित्रकारांनी तिची भित्तिपत्रकं आणि ‘टेम्पररी होर्डिंग’ नावाचं वृत्तपत्र केलं. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिची मोठी मैफल झाली. ‘क्लॅश’ वाजले, हजारो गोरी पोरं आली. आणि चारच दिवसांनी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी शिवणकामगाराचा खून झाला. गाण्यानं सुरा थांबत नाही. पण अल्ताबच्या खुनानंतर हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि आपण एकटे नाही हे त्यांना ठाऊक होतं. चहावाल्याच्या भिंतीवरचा कागद एवढंच करतो. तेवढं पुष्कळ असतं.

दुसरी कडू गोष्ट बाजाराची. फाटक्या जीन्स आज हजारो रुपयांना मिळतात. बास्कियाचं एक चित्र २०१७ मध्ये लिलावात ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडेही अनियतकालिकांतल्या अनेकांना पुढे पुरस्कार मिळाले, कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ला ते गेल्यावर, २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात गैर काही नाही. पण त्या चळवळीत बायकांची नावं शोधायला गेलं की बोटं उरतात. शिरवळच्या जवळच नायगाव, सावित्रीबाईंचं जन्मगाव. त्यांचं ‘काव्यफुले’ १८५४ मध्ये छापून आलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी बंड करणाऱ्या पुरुषांना आणि त्यानंतर आम्हा चौघांनाही, एखाद्या मुलीला अंकात बोलवावं असं सुचलं नाही. हा हिशेब आमच्याकडे बाकी आहे.

माझ्या पेंटर मित्राचं काय झालं? २००५ च्या आसपास फ्लेक्स आला. दोन वर्षांत हातानं पाटी रंगवून घेणारं कुणी उरलं नाही. आता तो आमच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर रखवालदार आहे. त्याच्या हातानं लिहिलेली एकच पाटी गावात शिल्लक आहे, तीही अर्धी. त्याला कुणी चित्रकार म्हटलं नाही, आणि कुठल्या संग्रहालयात त्याचं काही जाणार नाही.

भाचा मात्र त्याच्याकडे गेला. रविवारी, त्याची पाळी संपल्यावर. त्यानं भाच्याला फिल्म कशी कापायची ते दाखवलं. ‘अ’च्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये बारीक पूल ठेवायचे असतात, ते कुठे ठेवायचे, हे दाखवलं. पूल जास्त झाले तर अक्षर तुटकं दिसतं, कमी झाले तर पोट पडतं. भाचा म्हणाला, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईत ‘बॉम्बे अंडरग्राउंड’सारखी मंडळी हाती केलेल्या चोपड्या काढतात, लोकांना करायला शिकवतात. त्यांना ‘झीन’ म्हणतात. भाच्यानं मला ती रीत दाखवली. साध्या झेरॉक्सच्या कागदाला तीनदा घडी घालायची, उलगडायचा, मधोमध एक काप द्यायचा आणि पुन्हा दुमडायचा. आठ पानांचं पुस्तक होतं. टाचणीसुद्धा लागत नाही. खर्च दोन रुपये. १९९१ मध्ये आमच्या अंकाची किंमत तेवढीच होती.

भाच्याचा पहिला अंक गेल्या महिन्यात आला. मुखपृष्ठावर एक्स-रेच्या फिल्ममधून उमटवलेली अक्षरं आहेत, ‘अ’चं पोट शाबूत आहे. आत माझी एक कविता घेतली आहे. आणि शेवटच्या पानावर, जिथं चित्रकार म्हणून नाव छापतात, तिथं माझ्या मित्राचं नाव आहे. मी ती प्रत घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलो. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘नावातला रफार जरा जवळ बसलाय. त्याला सांग, पुढच्या वेळी मीच कापून देतो.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)